चिकाशी सलगी

जामनेर तालुक्यात चीक शोधायला रान तुडवावं लागत नाही. कांग नदीच्या काठाने रुई माजलेली असते, कुंपणाला शेर आणि मोगली एरंड, बांधावर बाभूळ. केळीच्या बागेत कामाला जाणारा माणूस मुद्दाम जुनेच कपडे घालून निघतो, कारण केळीचा चीक वाळला की तपकिरी पडतो आणि पुढे तो डाग कापडाबरोबरच संपतो. या सगळ्या चिकांचे, रसांचे, डिंकांचे औषधी उपयोग मी वर्गात फळ्यावर लिहून दिलेले आहेत. उभी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे पुढे ज्या चुका केल्या त्यांच्यावर अडाणीपणाचं पांघरूण मला घालता येत नाही.

बिब्ब्यापासून सुरुवात करतो. हिवाळ्यात आमच्या घरी डिंकाच्या लाडवात गोडंबी पडते. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्याच आतला गर. लहानपणापासून ती खात आलो, म्हणून बिब्बा मला घरचाच वाटायचा. एकदा टाचेत काटा मोडला आणि ठसठसायला लागला. मोठी माय अशा वेळी काय करायची ते डोळ्यांपुढे होतं. ती बिब्ब्यात दाभण खुपसून दिव्यावर धरायची, तेल सुटलं की दाभणाचं टोक काट्याच्या तोंडावर टेकवायची आणि लगेच उचलायची. भोवतीच्या कातडीला आधीच खोबरेल चोपडलेलं असायचं. मी काय केलं? बिब्बे ठेचले, तेल कापसावर घेतलं, टाचेपासून घोट्यापर्यंत चोळलं आणि वर फडकं बांधलं. एका थेंबाने गुण येतो तर एवढ्याने किती येईल, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी पायाला काहीच झालेलं दिसेना. म्हणून पुन्हा लावलं.

मग बिब्बा उतला. घोट्यावर पाण्याने भरलेले फोड, पोटरीपर्यंत सूज, रात्रभर खाज. कापूस धरलेल्या हाताने तोंड पुसलं असावं, कारण पापण्याही सुजल्या. बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात आणि त्यांची त्वचेवरची प्रतिक्रिया उमटायला बऱ्याचदा एक-दोन दिवस जावे लागतात. म्हणजे 'काहीच झालं नाही' हे मी ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी ते ठरवण्यासारखं नव्हतंच. कैरीच्या देठाचा चीक लागून ओठाच्या कडेला फोड येतो, काजूच्या टरफलाच्या तेलाने हात सोलवटतात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. अमेरिकेतल्या लोकांच्या अंगावर चट्टे उठवणारी पॉयझन आयव्ही ही वेलही त्याच कुळातली. हे कूळ मी दरवर्षी शिकवत होतो, आणि परीट लोक कपड्यांवर न जाणारी खूण करायला बिब्बाच वापरत, हेही वर सांगत होतो. मुलं हसायची.

आयुर्वेदात बिब्बा आहे, हे माझं त्या वेळचं मोठं समर्थन. आहेच. पण तिथे तो पोटात देण्याआधी विटेच्या चुऱ्यात घासतात, म्हणजे उपद्रवी तेल त्या चुऱ्यात उतरतं. याला शोधन म्हणतात. मी बिब्बा घेतला आणि वीट सोडून दिली. माझ्या बाकीच्या चुकाही थोड्याफार याच घाटाच्या आहेत: वस्तू लक्षात ठेवली, ती हाताळायची रीत गाळली.

बाभळीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात मला फक्त लाजच आहे. बाजारातला डिंक धावड्याचा म्हणून घ्यावा तर निघतो भलताच, म्हणून घरचाच डिंक काढायचं मनात आलं. साल दुखावली की झाड तिथे डिंक सोडतं, हे खरं. उन्हाच्या दिवसांत बांधावरच्या बाभळीला मी कोयत्याने खोडाच्या भोवती गोल फिरवून खोल खाप घेतली. डिंक मूठभर मिळाला. बाभूळ पुढे वाळून गेली. सालीतून पानांकडचं अन्न मुळांकडे जातं आणि खोडावर पूर्ण गोल काप दिला की मुळं उपाशी राहतात, हा प्रयोग दहावी-बारावीच्या मुलांना मी आकृती काढून समजावलेला. सातपुड्यात सालई आणि कढाया या झाडांचेही डिंक काढतात. तिथल्या जाणत्या माणसाची खाप उथळ असते, लहान असते आणि खोडाची दुसरी बाजू तो शाबूत ठेवतो. त्यासाठी पदवी लागत नाही.

याबाबतीत मी एकटा नाही, हे समाधान पहूरवरून फर्दापूरला आणि तिथून अजिंठ्याला गेलं की मिळतं. निजामाच्या सरकारने 1920 ते 1922 या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी ओरसिनी यांना लेण्यांतली चित्रं वाचवायला आणलं. सुटणारे रंग धरून ठेवायला त्यांनी शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचा, हात दिला. लाख ही राळच, फक्त झाडाऐवजी झाडावरच्या किड्याने केलेली. लाकडावर ती झकास बसते. अजिंठ्याच्या भिंतीवर ती काळाने पिवळी पडली, आणि नंतरच्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर उतरवत बसावं लागलं. माणसं नावाजलेली होती आणि हेतूही चांगला होता.

रुईचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायचा आमच्याकडे रिवाज आहे. पान तोडलं की देठातून दुधासारखा चीक येतो. हा चीक रुईने आपल्यासाठी केलेला नाही. पानं खाणाऱ्या किड्यांचं तोंड बंद करायला केलेला आहे. त्यात हृदयावर परिणाम करणारी विषं आहेत. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या रुई खातात, पण त्याही आधी पानाची शीर कुरतडून चीक गळू देतात आणि मग जेवायला बसतात. मी अळीएवढाही धीर धरला नाही. माळ ओवता ओवता त्याच बोटाने डोळा चोळला. किंचित चुरचुरलं. चूळभर पाणी मारलं, गुलाबपाणी घातलं, विषय संपला.

सकाळी त्या डोळ्याने दिव्याभोवती रंगीत वलय दिसायला लागलं आणि सगळं धुक्यात गेल्यासारखं झालं. दुखत मात्र काहीच नव्हतं. बायको म्हणाली, "जळगावला दाखवून या." मी म्हणालो, "अगं, दुखतच नाही तर डॉक्टरला दाखवू काय?" आणखी एक दिवस तसाच काढला. रुईच्या चिकाची गोम नेमकी हीच आहे. तो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या, आतल्या पेशींना इजा करतो. पडदा सुजून धूसर होतो आणि वेदना मात्र बेताचीच असते. डॉक्टरांनी थेंब दिले. नजर परत यायला काही आठवडे गेले. आली, हे नशीब.

आणि आतेभावाची कावीळ. हे लिहायचं टाळतच होतो. त्याचे डोळे पिवळे झाले, तशी फुई घाबरली आणि मला विचारायला आली, कारण मी शिकलेला. देवडांगरीच्या फळाचा रस नाकात टाकून कावीळ उतरवणारा एक माणूस मला माहीत होता. मीच आतेभावाला मोटरसायकलवर त्याच्याकडे घेऊन गेलो. रस टाकल्यावर नाकातून पिवळं पाणी धो धो वाहायला लागलं. "बघ, कावीळ निघाली," असं मीच फुईला सांगितलं. तो रस अतिशय झोंबरा असतो आणि नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला भाजल्यासारखं होऊन ते पाणी सुटतं. यकृताचा आणि नाकाचा असा कुठलाही रस्ता नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणून त्या माणसाच्या दारात बरे झालेले रोगी नेहमीच सापडतात.

आतेभावाची ती नव्हती. पोटात उजव्या बाजूला दुखतं, असं तो सांगत होता; मी ऐकत नव्हतो. थंडी वाजून ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पित्तनलिकेत अडकलेला खडा दिसला, तोंडातून दुर्बीण घालून तो काढला. तो वाचला. फुई त्यानंतर मला झाडपाल्याबद्दल काही विचारत नाही आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासा आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. सोबत पोटात दुखत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.