धुऱ्यावरची शिंदी

भद्रावतीहून वरोऱ्याच्या रस्त्याला लागलं की वावरांच्या धुऱ्यांवर आणि नाल्यांच्या काठानं शिंदी दिसू लागते. तिला कुणी लावलेलं नसतं. पावसाळ्यात पाणी साचणारी आणि मे महिन्यात भेगाळणारी काळी माती तिला चालते. मला या झाडाची फार माया आहे. खाणी आणि रस्ते वाढत जाताना ती सगळ्यात आधी तोडली जाते आणि तिची मोजदादही होत नाही, याचं वाईट वाटतं.

लहानपणी तिच्या घोसांना नारिंगी रंग चढला की आम्ही खाली पडलेली फळं वेचायचो. बी मोठं, गर नावापुरता. पुरतं पिकलं असेल तर गोड, नाहीतर जीभ तुरट. वर चढायची सोय नव्हती, कारण झावळीच्या बुडाशी पानांचेच काटे होतात आणि ते चपलेतूनही पायात शिरतात. आमच्या धुऱ्यावरच्या एका झाडाला कधीच फळ आलं नाही. शिंदीत नर आणि मादी झाडं वेगळी, हे बाबांनी त्याच झाडाखाली सांगितलं.

घरात ती फडा, म्हणजे केरसुणी, होऊन यायची. दिवाळीच्या बाजारात आई नवा फडा घ्यायची, लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लावायची, मगच तो वापरात यायचा. फडे विकणाऱ्या बाईच्या बोटांना पानांच्या कडांनी चिरा पडलेल्या असत. फड्याला आपण लक्ष्मी मानतो, पण तो बांधणाऱ्या हातांशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. हे मला तेव्हाही पटत नव्हतं.

फड्याखेरीज शिंदी रसही देते. ताडाचा रस फुलोऱ्यातून काढतात. भामरागडकडचे माडिया लोक गोरगा नावाच्या झाडाचा रस काढतात, तोही फुलोऱ्याच्या दांड्यातूनच. शिंदीचं मात्र खोडच तासावं लागतं. हिवाळ्यात शेंड्याखालच्या झावळ्या उतरवून एका बाजूनं कोवळा भाग उघडा करतात आणि खाली मडकं बांधतात. पुढच्या हंगामात छेद समोरच्या बाजूला. म्हणून जुन्या झाडाचं खोड नागमोडी दिसतं आणि त्याच्या खाचा मोजल्या तर किती हिवाळे रस दिला ते कळतं. छेद खोल जाऊन शेंड्याचा कोंब दुखावला तर झाड मेलंच. त्याला दुसरा कोंब नसतो. पहाटेचा रस नितळ गोड, ऊन चढलं की तो फसफसायला लागतो. हा ताजा रस, म्हणजे निरा, टिकावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात.

वर्ध्याला शिकायला गेले तेव्हा मगनवाडी पाहिली. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम कुमारप्पांनी तिथूनच चालवलं. गजानन नाईकांनी तिथे ताडगुळाचा ध्यास घेतला होता. उसाला चांगली जमीन आणि पाणी द्यावं लागतं, ताड-शिंदी मात्र पडीक जागेतून गोडवा देते, हा त्यामागचा विचार मला आजही बिनतोड वाटतो. बंगालात याच शिंदीच्या गुळासाठी लोक हिवाळ्याची वाट पाहतात. आपल्याकडे तिचा संबंध दारूशीच जोडला गेला. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं रस काढायला परवाना लागतो, आणि आमच्या जिल्ह्यात तर २०१५ ते २०२१ पूर्ण दारूबंदीच होती. गुळाचा विचार त्यात मागेच पडला.

आता मी स्वतः धुऱ्यावर शिंदी लावते. खारकेच्या झाडाला बुडाशी फुटवे येतात, हिला येत नाहीत, म्हणून बीच टोकावं लागतं. पिकलेल्या फळाचा गर काढून, बी भिजवून, पावसाच्या तोंडावर कायमच्या जागीच. पहिलं पान साधं, अरुंद, न चिरलेलं येतं आणि हुबेहूब गवत वाटतं. निंदणाऱ्या बायांना आधीच दाखवून ठेवते, शेजारी काडीही रोवते. नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला काही वर्षं जातात. म्हणून रोपं जवळजवळ ठेवली आहेत. विरळणी फुलोरा आल्यावर करीन, आणि तेव्हाही एखादा नर राखावा लागेल.