मेंदूत पोचलेली थायरॉईडची गाठ

थायरॉईडचा कर्करोग मेंदूत क्वचितच पोचतो. नेहमीच्या प्रकारांत शंभरातल्या एखाद्याच रुग्णाला. तोवर बहुधा तो फुप्फुसात किंवा हाडात बसलेला असतो. सकाळची डोकेदुखी, उलट्या, झटका, एका बाजूची ताकद जाणं, अशी सुरुवात होते. बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात गळ्याची गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढली जाते, आणि झटक्याचा त्या गाठीशी संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

मेंदूतली गाठ काढली की ती कुठून आली हे काचपट्टी सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या मऊ पसाऱ्यात मधेच पेशींची गोल कडी दिसतात आणि प्रत्येक कड्यात दाट गुलाबी रस. हा थायरॉईडचाच रस. परमुलखात येऊनही या पेशींनी मूळचं काम सोडलेलं नसतं. फार बिघडलेल्या पेशींत मात्र ही खूण पुसट होते.

उपचार याच सवयीवर उभा आहे. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिलं तर तेही घेतात आणि आतून जळतात. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अणुवैद्यकाचं हे काम करत आलं आहे. पण गाठ मेंदूत असेल तर घाई जिवावर बेतते. आयोडीनपूर्वी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, वाढवावं लागतं, त्यानं गाठ फुगते, आणि कवटीत फुगायला जागा नसते. म्हणून आधी शस्त्रक्रिया किंवा गाठीपुरते नेमके किरण, सुजेवर स्टेरॉईड, आणि मगच आयोडीन. पेशी आयोडीन घेत नसतील तर लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्या.

एक साधी चूक इथे फार महागात पडते: डाय देऊन केलेला सीटी स्कॅन. त्या डायमध्ये आयोडीन इतकं असतं की पुढचा महिना-दोन महिने पेशी औषधाचं आयोडीन नीट घेत नाहीत. बीडहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला तेवढ्यासाठी परत पाठवावं लागणं फार वाईट. जमेल तिथे एमआरआयच करावा.

थायरॉईड काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर, रोज उपाशीपोटी. घर ऊसतोडीला निघणारं असेल तर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या कोपीवर सोबत हव्यात. सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय लागतो, म्हणजे हंगामात मधे एकदा तरी परत यावं लागतं. ते उचल घेण्याआधीच मुकादमाशी बोलून ठरवावं.