कुंपणाला तरवड लावा

बीडमध्ये नवा बंगला उभा राहिला की फाटकाशी दुरांटा, दोन पाम आणि हिरवळ ठरलेलीच. जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि टँकरची वाट बघणं सुरू. अशा गावात रोज पाणी मागणारं कुंपण ही मला निव्वळ उधळपट्टी वाटते. इथली शोभा इथल्याच माळावरून आणावी आणि पहिला मान तरवडाला द्यावा, हे मत मला इथल्या उन्हाळ्यांनीच दिलं. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर, बांधांवर हे सदाहरित झुडूप कुणी न लावता माणसाएवढं वाढतं. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. फुलं पिवळीधमक. नवरात्रात त्यांचीच माळ घटावर चढते. देवीला चालणारं हे फूल बंगल्याच्या आवारात मात्र गावंढळ ठरतं! शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे.

तरवड रानटी दिसतो, हा आक्षेप मी नाकारत नाही. वाळक्या शेंगा लोंबत राहतात, कडक दुष्काळात पानंही विरळ होतात. पण हा दोष छाटणीने बराच झाकता येतो. फुलं शेंड्यांना येतात, म्हणून बहर ओसरल्यावरच कात्री चालवावी. दुरांट्यासारखं सारखं कातरत बसलं तर फूल दिसायचं नाही. परदेशी झुडूप आणलं म्हणून काय बिघडलं, असंही विचारलं जातं. घाणेरीही शोभेसाठीच अमेरिकेतून आली होती, आज ती रानंच्या रानं अडवून बसली आहे. बारमाही हिरवी कण्हेर कमी पाण्यावर तगते खरी, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. लेकराबाळांच्या अंगणात ती मी सुचवणार नाही. राहिला प्रश्न रोपांचा. बीडजवळच्या पालवणच्या माळावर सह्याद्री देवराई ही देशी झाडांची राई उभी राहिली, 2020 च्या फेब्रुवारीत तिथे वृक्षसंमेलनही भरलं. देशी झाडांना असे दिवस आले, तरी देशी झुडपांना रोपवाटिकेत अजून फारशी जागा नाही. पण तरवडाला रोपवाटिका लागतेच कशाला? वाळलेल्या शेंगांतलं बी काढा. त्याचं कवच टणक असतं, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्या. सोटमूळ दुखावू नये यासाठी जूनच्या पहिल्या पावसावर थेट जागेवरच टोकणं बरं. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला. यंदा माळावरून जाताना खिसाभर शेंगा तेवढ्या घेऊन या.