दत्तक लेकराला खरे सांगा

एरवी मी तुमच्याशी कपाशीवरील बोंडअळी आणि केळीवरील करपा यांविषयी बोलतो. आज माझ्याच एका चुकीविषयी सांगणार आहे.

माझी नोकरी नवी होती. धुळे जिल्ह्यातील एका जोडप्याने शिशुगृहातून तान्हा मुलगा रीतसर दत्तक घेतला. "साहेब, मोठा झाल्यावर त्याला सांगावे का?" असे त्यांनी मला शिकलेला माणूस म्हणून विचारले. मी बेधडक म्हणालो, "कशाला? विसरून जा."

पोर अकरा वर्षांचे झाले. पोळ्याच्या दिवशी बैलांवरून बाचाबाची झाली आणि भाऊबंदांतले कोणी बोलून गेले, "हा कुठला आमच्या रक्ताचा?" रात्री पोराने आईला विचारले, "मी कोना पोऱ्या शे?" त्या माउलीच्या तोंडून शब्द फुटेना. मग पोर अबोल झाले. शाळा बुडाली, भरल्या ताटावरून उठू लागले. दोघे माझ्याकडे आले तेव्हा मला मान वर करवेना.

ज्या संस्थेने मूल दिले होते, तिथेच आम्ही गेलो. तिथल्या समाजसेविका बाईंनी कोणाला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, "दत्तक हा शब्द त्याने तुमच्याच तोंडून ऐकायला हवा होता, आणि तोही लहानपणापासून, गोष्टीसारखा. आता तो रागावेल, रागावू द्या. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगा. जन्मदातीला मात्र वाईट बोलू नका." वर्षभर ते तिघे तिथे जात राहिले. एस.टी.ने जायचे, बोलायचे, परतायचे.

जळगावकडचे केळीवाले जाणतात, प्रयोगशाळेतले रोप कोणी थेट उन्हात लावीत नाही. शेडनेटमध्ये ते काही आठवडे हवेला सरावते, आणि लावल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. मग कागद हाती आला की लेकराचे काम संपले, असे आपण का धरतो?

१९५६ चा हिंदू दत्तक कायदा असो की २०१५ चा बालन्याय कायदा, दत्तक मुलाला पोटच्या मुलाचेच हक्क आहेत. तेव्हा भाऊबंदांचे तोंड कायद्याने बंद होईल. पोराच्या मनातला प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे संस्थेने मूल दिल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी चौकशी करायची असते. बाई घरी आल्या की चहा पाजून, "सगळे ठीक आहे," म्हणून त्यांची बोळवण करू नका. मूल रात्री दचकते का, हट्ट करते का, अन्न लपवून ठेवते का, ते मोकळेपणी सांगा. दोन वर्षांनंतर अडचण आली तरी संस्थेकडे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जा. पिकावर रोग पडला की तुम्ही मला बोलावता, त्यात कमीपणा वाटत नाही. यातही वाटू देऊ नका.

तो मुलगा आज घरची शेती बघतो. जन्मदाती कोण, हे त्याला अजून कळलेले नाही. पण तो प्रश्न आता त्या घरात जेवताना, सर्वांसमोर विचारता येतो.