पासिंग

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले नसेल. बालाघाटाच्या या माळरानावर दूध आणि खवा यांवर अनेक घरांची चूल पेटते. याच तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा तर दूरवर नावाजलेला आहे. गावाला रेल्वे नाही. दूध डेअरीत पोचवायचे असो, मुलांना भूमच्या महाविद्यालयात जायचे असो की आजाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचे असो, मोटारीवाचून गत्यंतर नाही. शिक्षकीच्या निमित्ताने आम्ही येथे राहावयास आलो, तेव्हा ‘पासिंग’ हा शब्द लवकरच आमच्या कानी पडला. ‘गाडी पासिंगला गेलीय’ असे कुणी म्हणाले की त्या घरावर मुलाच्या दहावीच्या निकालाच्या दिवसासारखी कळा असते.

सरकारी कागदावर याचे नाव योग्यता प्रमाणपत्र. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने ते प्रवासी व मालवाहू गाड्यांना सक्तीचे केले आणि 1989 च्या केंद्रीय नियमांनी काय तपासायचे त्याची यादी दिली. हेडलाइटचा झोत, इतर दिवे, परावर्तक, आरसे, काच, भोंगा, वायपर, धूर, ब्रेक, वेगमापक, स्टिअरिंग अशी ती यादी आहे. टायरच्या नक्षीची खोलीही नियमाने ठरलेली आहे: दुचाकी व तीनचाकीस किमान 0.8 मिलिमीटर, इतर गाड्यांस 1.6 मिलिमीटर.

आम्हां शिक्षकांना या परीक्षेचे एक वैशिष्ट्य फार विचार करण्याजोगे वाटते. शाळेत गणितात कमी पडलेला विद्यार्थी भाषेच्या गुणांवर आपली टक्केवारी सावरतो. येथे तशी सरासरी नाही. इंजिन कितीही उत्तम असले तरी त्याचे गुण ब्रेकला उसने देता येत नाहीत. उताराला लागलेल्या गाडीला तिचा रंग किंवा इंजिनाचा दम थांबवू शकत नाही, म्हणून ही कठोरता न्याय्यच आहे. मात्र गाडी नाकारली, तर कारण लेखी देण्याचे बंधन कायद्याने अधिकाऱ्यावरही घातले आहे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ काळी-पिवळी चालवीत. एकदा तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचे शिबीर होते. आमचेही तिकडे काम असल्याने आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. गाडी नापास झाली. मागचे दोन्ही टायर गोटा झाले होते आणि हँडब्रेक धरत नव्हता. चहाच्या टपरीवर त्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एक जण म्हणाला, “कशाला डोक्याला ताप? एक दिवसापुरते टायर भाड्याने लावा, पासिंग झालं की परत करा.” ही युक्ती नवी नाही. आम्ही काही बोललो नाही. परतताना निम्म्या वाटेवर तेच म्हणाले, “गुरुजी, साहेबाला भाड्याचे टायर दाखवता येतील हो. पण उद्या सकाळी पोरं याच टायरवर बसणार.” त्यांनी टायर उधारीवर घेतले. त्यापायी चार दिवसांची कमाई बुडाली आणि उधारी फेडायला पुढचा उन्हाळा लागला. प्रामाणिकपणाला खर्च येतो, आणि तो बहुधा गरिबाच्याच खिशातून जातो, हे येथे लपवून चालणार नाही.

परीक्षा घेणाऱ्यांचीही परीक्षा व्हावी लागते. गाडी प्रत्यक्ष न पळवता ब्रेक तपासता येत नाही, त्यासाठी 250 मीटर लांबीचा चाचणी पथ हवा, हे श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. 2016 साली न्यायालयाने असे पथ बांधण्याचे आदेश दिले आणि 2017 च्या अखेरीस, जेथे पथ नव्हता तेथील तपासणीच थांबली. पुढे 2021 साली स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. तेथे ब्रेकचा जोर आणि दिव्याचा झोत यंत्र मोजते. यंत्राला ओळखदेख नसते, हे चांगलेच आहे. परंतु भाड्याचे टायर भाड्याचे आहेत, हे यंत्रालाही कळत नाही.

शिवाय प्रमाणपत्र सांगते ते त्या एका दिवसाचे. भाड्याच्या गाडीची तपासणी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. आपल्या घरची मोटार किंवा शेतीचा ट्रॅक्टर मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षे कुणी तपासावयास मागत नाही. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, परावर्तक चिखलाने माखलेला, हे दृश्य आमच्या भागात नेहमीचे आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने मागून येणारा दुचाकीस्वार सेकंदाला सोळा मीटरहून अधिक अंतर कापतो. अंधारातून ट्रॉली दिसेपर्यंत त्याच्या हाती फारसे उरत नाही. ओल्या फडक्याने परावर्तक पुसायला एक मिनिट लागते.

वाचकहो, आपली मुले ज्या गाडीने शाळेत जातात तिचे प्रमाणपत्र कधीपर्यंतचे आहे, हे विचारण्यात संकोच कसला? टायरच्या खाचांत झीज दाखविणारे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलावा, हे घरातील लहान मुलालाही दाखविता येते. आणि चालकाने टायरसाठी भाड्यात दोन रुपये वाढवून मागितले, तर घासाघीस करण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपण स्वस्तात बसू पाहतो तेव्हाच कुणीतरी भाड्याचे टायर शोधू लागतो.