लॅमिंग्टन रोड: हलका की दमदार?

मुंबई पाहायला आलेला पाहुणा गेटवे, राणीची बाग आणि जुहूची चौपाटी करून परत जातो. घरात बारावी झालेले मूल असेल, तर मात्र या यादीत हल्ली आणखी एका ठिकाणाची भर पडते. ते म्हणजे लॅमिंग्टन रोड. पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरावे, पूर्वेकडे बाहेर पडावे आणि पाचसात मिनिटे चालावे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचेही ग्रँट रोड स्थानक सुरू झाले आहे. रविवारी जाऊ नये. बहुतेक दुकाने बंद असतात आणि हेलपाटा पडतो.

या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोड म्हटले की लवकर समजते. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचे हे नाव. (१९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हे लॅमिंग्टनही होते.) मुंबई सेंट्रलच्या बाजूने निघून हा रस्ता ऑपेरा हाऊसकडे जातो. एके काळी तो ओळखला जाई सिनेमासाठी. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या आणि मिनर्व्हात १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ उतरलाच नाही. ते मिनर्व्हा आज उरलेले नाही. सिनेमाच्या सावलीतच रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकाने वाढली. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग टीव्ही, मग संगणक. काही दुकाने इतकी अरुंद आहेत की दोन गिऱ्हाइके आत गेली, की तिसऱ्याने पायरीवर थांबावे.

अशाच एका पायरीवर थांबले की आतला संवाद ऐकू येतो. हलका लॅपटॉप घ्यावा, की दमदार?

हा प्रश्न यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न-१ नावाचा ‘उचलून नेता येणारा’ संगणक आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो, म्हणजे प्रवासाला निघालेली भरली पेटीच. पुढच्याच वर्षी जपानच्या एप्सनने एचएक्स-२० काढला. तो वहीएवढा, दीड किलोच्या आसपास आणि बॅटरीवर चालणारा. पण त्याच्या पडद्यावर मावत अवघ्या चार ओळी! तेव्हापासून कारखानदार या दोन टोकांच्या मधे कुठेतरी थांबतात आणि निवडीची डोकेदुखी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतात.

आज दुकानात हलक्या गटातली यंत्रे एक ते दीड किलोची असतात. दमदार म्हणवणारी, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेली यंत्रे बहुधा सव्वादोन ते अडीच किलोची. फरक किलोभराचाच, असे काउंटरवर वाटते. पण दुकानदार दमदार लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर खोक्यातच ठेवतो, हे लक्षात घ्यायला हवे. तो विटेएवढा असतो आणि अर्धा-पाऊण किलो सहज भरतो. हलक्याचा चार्जर मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ म्हणावा एवढाच. बरे, वीट घरी ठेवून जावे, तर दमदार यंत्र बॅटरीवर फार तास टिकत नाही आणि पूर्ण जोरही लावत नाही. लोकलच्या डब्यात प्लग कुठून आणणार?

मग हलकेच का घेऊ नये? त्याची गोम उष्णतेत आहे. प्रोसेसर जितके काम करील तितका तापतो आणि पातळ पेटीत ती उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. पत्र लिहिणे, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांत हे कधी जाणवत नाही. पण इमारतीचे त्रिमितीय चित्र तासभर तयार होत राहिले, की पातळ यंत्र पहिल्या काही मिनिटांनंतर धापा टाकू लागते. जाड यंत्राचे वजन म्हणजे बऱ्याच अंशी पंखे आणि तांब्याच्या नळ्या. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर म्हणूनच पाहावे. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा आणि ‘एच’ म्हणजे जोरकस. नुसते ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर खूष होऊन पैसे मोजू नयेत. दुसरे असे, की बऱ्याच पातळ यंत्रांत रॅम सोल्डर केलेली असते. मागाहून वाढवता येत नाही.

जूनमधल्या एका दुपारी चिपळूणहून आलेले बापलेक असेच काउंटरपाशी उभे होते. मुलीला वास्तुशास्त्राच्या पदवीला मुंबईत प्रवेश मिळालेला, राहणे डोंबिवलीला मामाकडे. पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि रोजची मध्य रेल्वे. दमदार यंत्र पंचवीस हजारांनी महाग होते आणि ते पंचवीस हजार घराच्या कौलांसाठी बाजूला काढलेले होते. पण वडील पैशाचे बोलतच नव्हते.

‘‘डोंबिवलीची गर्दी तू पाहिली नाहीस, बाळा. खांदा उतरेल तुझा.’’

‘‘बाबा, गाडीत तास-सव्वा तास उभं राहायचं. पण सबमिशनच्या आदल्या रात्री मशीन अडकलं, तर सगळं सत्र वाया जाईल.’’

दुकानदार काउंटरवरचाच जुना जाणकार निघाला. त्याने या रस्त्याचे ठेवणीतले उत्तर पुढे केले. हलका लॅपटॉप घ्या आणि सुटे भाग जोडून घरी एक डेस्कटॉप ठेवा. सल्ला सोळा आणे खरा. तेवढ्याच पैशांत जोडलेला डेस्कटॉप लॅपटॉपपेक्षा जास्त काम करतो, थंड राहतो आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण मामाचे घर दोन खोल्यांचे, माणसे पाच. टेबल मांडायचे कुठे? लेकीने मग दोन्ही यंत्रे, अ‍ॅडाप्टरसकट, आळीपाळीने स्वतःच्या दप्तरात घातली. सोबत पाण्याची बाटली आणि डबा. इमारतीचे दोन जिने ती चढली आणि उतरली. वडील खाली घड्याळ पाहत उभे. दुसऱ्या खेपेला ती घामाघूम होऊन आली खरी, पण बोट ठेवले ते जड यंत्रावरच. वडिलांनी एक अट घातली, की ते रोज न्यायचे नाही. स्टुडिओचा दिवस असेल तेव्हाच. एरवी काम पेन ड्राइव्हवर घ्यावे आणि कॉलेजच्या संगणकावर बसावे. अट मान्य झाली. कौले आणखी एक पावसाळा थांबली.

ही मुलगी मात्र अपवाद म्हणावी. वाणिज्य, कला, कायदा शिकणारी मुले, शिक्षक, बँकेतली मंडळी, यांनी शेजाऱ्याच्या मुलाने घेतला म्हणून जड यंत्र घेण्यात काही अर्थ नाही. ग्राफिक्स कार्डाचे पैसे मोजायचे आणि त्यावर तिकिटे काढायची, हा शुद्ध अपव्यय. त्यापेक्षा हलके यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशांत रॅम १६ जीबी करून घ्यावी. व्हिडिओ संकलन, स्थापत्य, अ‍ॅनिमेशन असे काम खरेच रोजचे असेल, तरच खांद्याला त्रास द्यावा.

मुंबईबाहेरच्या वाचकांनी यासाठी मुद्दाम गाडी पकडायची गरज नाही. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, कोलकात्यात चांदनी चौक येथेही दप्तर घेऊन जावे आणि यंत्र त्यात घालूनच पाहावे. कोणी नाही म्हणाले तर पुढचे दुकान गाठावे. खोके समोर फोडून यंत्र सुरू करून घ्यावे, खोक्यावरचा, यंत्राखालचा आणि बिलावरचा क्रमांक जुळतो का ते पाहावे. बिल जीएसटीचेच मागावे. ‘बिलाशिवाय स्वस्त’ या आमिषाला बळी पडू नये, कारण वॉरंटीच्या वेळी तेच कागद लागतात.

संध्याकाळी सहानंतर ग्रँट रोडच्या फलाटावर विरारकडे जाणाऱ्या गाड्या भरूनच येतात. नवे खोके छातीशी धरून त्यांत शिरण्याच्या फंदात पडू नये. चर्चगेटपर्यंतचे तिकीट काढून आधी उलट दिशेने जावे आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकीपाशी बसून घरी यावे.