राऊची टेकडी आणि तीन आकडे

मुलांनो, मुंबई-आग्रा रस्ता तुम्ही नकाशात पाहिला असेल. शिरपूरहून त्या रस्त्याने उत्तरेला निघालं, की एका सकाळीच तीन मोठी माणसं भेटावीत तशी तीन नावं भेटतात. पळासनेरच्या पुढे सातपुडा, बिजासन घाट. मग सेंधवा, आणि सपाटीला लागल्यावर खलघाटची नर्मदा. पुलावर गाडी आली, की बसमधले निम्मे लोक हात जोडतात, काहीजण नाणं टाकतात. नंतर धामनोद, मग मानपूरचा घाट. हा विंध्याचा चढ. तो चढून वर आलं, की हवा बदलते, माती काळी होते, आणि तुम्ही माळव्यात पोहोचता!

पुढे महू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथला, १८९१ सालचा. महूनंतर इंदूरच्या अलीकडे राऊ नावाचं गाव लागतं. आम्ही तिथेच उतरलो. आम्ही म्हणजे मी, माझ्याकडे चौथीत शिकलेली आणि आता बारावीत असलेली एक मुलगी, आणि तिचे वडील.

राऊला काय आहे? राऊ-पिथमपूर रस्त्यावर एक टेकडी आहे, आणि त्या टेकडीवर इंदूरची आयआयएम. संस्था १९९६ सालची. पत्त्यातच ‘प्रबंध शिखर’ असं लिहितात. आवार १९३ एकरांचं, म्हणजे आपल्याकडची एखादी लहानशी वाडी शिवारासकट मावेल एवढं. एरवी आयआयएममध्ये पदवी झाल्यावर जातात. इथे मात्र २०११ पासून बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला. त्याला आयपीएम म्हणतात. शाखेची अट नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कुणीही चालतं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे.

आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. फाटकापासून वर जाणारा रस्ता पाहिला, झाडं पाहिली, पाठीला पिशवी लावून चाललेली मुलं पाहिली. पाहून झाल्यावर शेजारच्या टपरीवर चहा घेताना वडिलांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो.

“बाई, खरं सांगा. हिला इथे मिळेल का? मिळणार असेल तर क्लासला पैसे घालतो. नसेल, तर तेच पैसे धाकट्याला होतील.”

आता याचं उत्तर कसं द्यायचं? ‘प्रयत्न कर, मिळेलच’ असं म्हणणं सोपं असतं. आम्हा शिक्षकांना ती सवयच असते म्हणा ना! पण समोर पैशांचा हिशेब होता, तेव्हा उत्तरही हिशेबानेच द्यायला हवं होतं.

पहिला हिशेब टपरीवरच मांडला. जागा दीडशेच्या आसपास. त्यातल्या २७ टक्के इतर मागासवर्गीयांना, १५ टक्के अनुसूचित जातींना, साडेसात टक्के जमातींना, १० टक्के आर्थिक दुर्बळांना. बेरीज साडेएकोणसाठ. उरल्या साडेचाळीस टक्के, म्हणजे साठेक जागा, सर्वांना खुल्या. ही मुलगी इतर मागास प्रवर्गातली, म्हणून तिच्यासाठी चाळीस जागा राखीव, शिवाय खुल्या साठांतही ती लढू शकतेच. मात्र त्यासाठी जातीचं नाव केंद्राच्या यादीत असावं लागतं आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. महाराष्ट्राच्या नमुन्यातला घेऊन गेलं, तर काम अडतं. तहसिलीत हे आधी सांगावं लागतं बरं का!

“पण परीक्षेला तर हजारो बसतात ना?” मुलगी म्हणाली. बसतात. समजा वीस हजार बसले आणि जागा दीडशे, म्हणजे दर एकशेतेहतिसांत एक. मग तुझी शक्यता एकशेतेहतिसांत एक का? मुळीच नाही! ती लॉटरीची रीत झाली. लॉटरीत सगळी तिकिटं सारखी असतात, परीक्षेत मुलं सारखी नसतात. किती जण बसले यापेक्षा, रेघ कुठे ओढली जाते आणि तू रेघेच्या कुठल्या बाजूला आहेस, हे मोजायचं.

संध्याकाळी इंदुरात आलो. राजवाडा पाहिला, होळकरांचा, सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. आजूबाजूला अजून मराठी कानावर पडतं. रात्री सराफ्यात गेलो. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं असतात. ती बंद झाली, की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. एकच जागा, दिवसा एक धंदा, रात्री दुसरा! व्यवस्थापन शिकायचं म्हणणाऱ्या मुलीला मी म्हटलं, हे नीट बघून ठेव. तिने जिलबी जास्त नीट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाल्ले आणि लॉजच्या खोलीत घड्याळ लावून तिला सराव परीक्षा द्यायला बसवलं. २०२४ सालच्या परीक्षेचा साचा असा होता: गणिताचे १५ प्रश्न, ज्यांचं उत्तर स्वतः लिहायचं, गणिताचेच ३० प्रश्न पर्यायांचे, आणि इंग्रजीचे ४५. प्रत्येक भागाला चाळीस मिनिटं. एका भागात वेळ उरला तर तो दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला चार गुण, पर्यायांत चुकलं तर एक गुण कमी. उत्तर लिहायच्या गणितांत चुकलं तरी काही कापत नाहीत.

आणि मुख्य गोष्ट: रेघ एक नाही, तीन आहेत. तिन्ही भागांचे कट-ऑफ वेगवेगळे असतात आणि तिन्ही पार केल्याशिवाय मुलाखतीला बोलावत नाहीत. एकूण गुण कितीही असोत!

दोन तासांनी तपासलं. पहिल्या भागात सात बरोबर, २८ गुण. दुसऱ्यात चौदा सोडवले, अकरा बरोबर, तीन चूक. ४४ वजा ३, म्हणजे ४१. इंग्रजीत ती चोविसाव्या प्रश्नापर्यंतच पोहोचली. पंधरा बरोबर, नऊ चूक, ५१. संस्थेने जाहीर केलेले तिच्या प्रवर्गाचे आधीच्या वर्षीचे आकडे शेजारी लिहिले. गणिताचे दोन्ही वर निघाले, इंग्रजीचा बराच खाली.

मुलीचा चेहरा उतरला. “माझं मराठी माध्यम आहे ना, म्हणून.”

मी तिला उरलेले एकवीस प्रश्न घड्याळ न लावता सोडवायला दिले. त्यांतले चौदा बरोबर आले! म्हणजे भाषा येत होती, वेग नव्हता. चाळीस मिनिटांत पंचेचाळीस प्रश्न, म्हणजे एकाला त्रेपन्न सेकंद. मराठी शाळेत इंग्रजी धडा आपण ओळ-ओळ अर्थ लावत वाचतो. (तसंच शिकवतो आम्ही.) त्रेपन्न सेकंदांत तसं वाचून भागत नाही.

मग वडिलांना सांगितलं: यंदा शक्यता कमी, कारण परीक्षा उन्हाळ्यात आणि वेग दोन-तीन महिन्यांत दुप्पट होत नाही. पण बारावीनंतरच्या वर्षीही या परीक्षेला बसता येतं. गणिताच्या क्लासला पैसे घालू नका, ते तिला येतं. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र घ्या आणि हातात घड्याळ द्या. दर महिन्याला असेच तीन आकडे काढा. डिसेंबरपर्यंत इंग्रजीचा आकडा रेघेजवळ आला, तर क्लासचा विचार करा. नाही आला, तर पैसे धाकट्याचे.

“आणि मिळालाच प्रवेश, तर फी?” लाखांत आहे, हेही सांगितलं. बँका कर्ज देतात, पण ते तिलाच फेडावं लागेल.

यंदाचे बाकीचे दरवाजेही कागदावर लिहिले. रांचीची आयआयएम इंदूरच्या परीक्षेचे गुण धरते. रोहतकची परीक्षा वेगळी, जम्मू आणि बोधगयेची आणखी वेगळी. महाराष्ट्रात बीबीए-बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायची. ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नये.

परतीच्या बसमध्ये वडील तो कागद खिशातून काढून पुन्हा पुन्हा पाहत होते. मुलीने सेंधव्याच्या थांब्यावर इंग्रजी पेपर मागितला. तो तिथे मिळाला नाही, शिरपूरला घ्यावा लागला.